स्टँडर्ड ड्रायव्हर आणि खिडकीबाहेरचं वाक्य

पांढुर्णा,
गुरुवार, डिसेंबर १९८८

ती. रजनीताईस,

विजूचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण बाबांनी माझ्या खोलीत संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या आहेत, आडवं व्हायला जागा नाही. म्हणून उभ्यानं घातलेला गोड मानून घे. श्रीधर भाऊजींचा खोकला कसा आहे? (आईनं पाठवलेला अडुळशाचा काढा त्यांनी प्यायला की तुळशीत ओतला ते खरं खरं कळव, ती रोज विचारून राहिली.) पिंकीला दात आले का? सौंसरला थंडी इथल्यापेक्षा जास्त की कमी? इकडे आई बरी, बाबा बरे, गाय बरी. मी बरा आहे की नाही ते मला समजून नाही राहिलं, आणि त्याच्यासाठीच हे पत्र आहे. तू घरातली मोठी, तुला माणसं समजतात. मला फक्त वाक्यं समजत होती, आणि आता तीही समजेनाशी झाली.

पहिल्यापासून सांगतो. मागच्या वर्षी इथल्या संत्रा उत्पादक संस्थेनं कॉम्प्युटर आणला हे तुला मालूम आहे. कोणाच्या बगीच्यातून किती पेट्या आल्या, कोणत्या वॅगनमध्ये भरल्या, त्याच्या हिशेबाच्या पट्ट्या आता हातानं लिहायच्या नाही, मशीनीनं छापायच्या, असं अध्यक्ष भाऊरावांनी ठरवलं. (भाऊराव म्हणजे तेच, जामसांवलीच्या मारुतीला विचारल्याशिवाय स्कूटरचा टायर बदलत नाहीत.) मशीन नागपूरच्या एका कंपनीनं दिली, सोबत ती चालवायचं पुस्तक दिलं, ते इंग्रजीत. आता संस्थेचा भोपाळच्या सरकारशी पत्रव्यवहार हिंदीत, आपसातलं भांडण मराठीत, आणि इंग्रजीचा संबंध फक्त औषधाच्या बाटलीपुरता. तेव्हा भाऊरावांना आठवलं की गावात एक पोट्टा एम. ए. होऊन फिरून राहिला आणि काहीबाही लिहितो म्हणतात. 'काहीबाही' हा शब्द त्यांचाच. माझी पहिली कथा ज्या मासिकात आली ते मासिक त्याच अंकानं बंद पडलं, आणि दुसरी कथा वाचून तू विचारलं होतं की यातलं पान हरवलं का रे. पान हरवलं नव्हतं, ताई. ती तशीच होती. पण जाऊ दे.

तर मी ते पुस्तक मराठीत केलं, आणि जीव ओतून केलं. भाऊजी हसतील, पण मशीन चालवायचं पुस्तक हा एक अलगच साहित्यप्रकार आहे. त्यात नायक नाही, बालपण नाही, कोणाची आठवण येऊन डोळे भरत नाहीत. 'बटन दाबावं. दिवा लागेल. दिवा न लागल्यास पुन्हा दाबावं.' (यापेक्षा जास्त आयुष्यात असते तरी काय?) रोज सकाळी मशीन चालू केली की कंपनीनं दिलेली एक फ्लॉपी टाकायची (फ्लॉपी म्हणजे पातळ काळी चौकोनी तबकडी, ती लेबल खाली करून आत सरकवतात). तिच्यावर ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. छापायचं यंत्र मशीनीपासून अलग ठेवलेलं असते, त्याला मशीनीची भाषा कळत नाही, तर हा ड्रायव्हर दोघांच्या मधे बसून सांगत राहतो की आता हे अक्षर छाप, आता खालच्या ओळीवर ये. (ड्रायव्हर म्हणजे गाडीचा का, हा विनोद इथं सगळ्यांनी करून झाला आहे, भाऊजींना म्हणावं तुम्ही करू नका.) फ्लॉपी टाकून झाली की छापण्याचा हुकूम द्यायचा. आणि याच जागी इंग्रजी पुस्तकात पुढं काहीच नव्हतं. अर्धं पान कोरं. ते कोरं पान मला रात्रंदिवस छळायला लागलं. शेवटी त्या जागी मी माझ्या मनानं लिहिलं: 'हुकूम दिल्यावर काही करू नये. खिडकीबाहेर पाहावं. जग अजून तिथंच आहे याची खात्री करून परत यावं.'

खरं सांगतो, माझ्या हातून एवढं नेमकं वाक्य आधी कधी आलं नव्हतं. मला वाटलं ते कोणी वाचणार नाही. माझं कधी कोणी वाचते?

पण झालं असं की सुरुवातीच्याच दिवसात कोणीतरी घाईत एक पायरी सोडली, आणि मोहगावच्या कास्तकारांच्या पट्ट्या एकावर एक अशा छापल्या की वाचता येईना. भाऊराव जामसांवलीला जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी नियम केला: पुस्तकात आहे तेवढं सगळं करायचं, नाही ते करायचं नाही, आणि रोज सकाळी मोठ्यानं वाचून करायचं. वाचायचं काम उत्तमकडे आलं. उत्तम संस्थेचा चपराशी, सावरगावचा, भजनी मंडळात पहिल्या ओळीत बसणारा. त्यानं माझ्या पुस्तकाला लाल कपडा शिवला. रोज सकाळी जोडे बाहेर काढून सगळे मशीनीच्या थंड खोलीत उभे राहतात, उत्तम कपडा सोडतो आणि अशा चालीत वाचतो की 'दिवा न लागल्यास पुन्हा दाबावं' इथं ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाळीसाठी उठते. मग माझं वाक्य येते. आता अडचण अशी होती की त्या खोलीच्या खिडकीला कंपनीनं धुळीसाठी काळा कागद चिकटवून दिला होता. पण पुस्तकात पाहावं म्हणून लिहिलं आहे ना. भाऊरावांनी स्वतः स्टुलावर चढून एका तावदानाचा कागद खरवडून काढला. तेव्हापासून रोज हुकूम दिला की संस्थेचे सारे लोक, अध्यक्ष धरून, आळीपाळीनं त्या तावदानाला नाक लावतात, बाहेर पाहतात, जग आहे म्हणतात आणि परत येतात. तोपर्यंत पट्ट्या छापून तयार.

ताई, लेखकाला आपला वाचक वाचताना कधी दिसत नाही. मला रोज दिसायला लागला. समोर रस्त्याच्या पलीकडे पंचफुलाबाईची चहाची टपरी आहे, तिथून ते तावदान सरळ दिसते. मी तिथं रोज उभा राहायला लागलो, शुद्ध साहित्यिक कारणानं. आधी भाऊरावांची टोपी यायची, मग हिशेबनीस, मग उत्तम, आणि सर्वात शेवटी छाया. छाया म्हणजे मशीनवर बसते ती, तुमच्याच सौंसरची. तहसीलमधले रघुनाथराव आहेत ना, भाऊजींसोबत सकाळी फिरायला जाणारे, त्यांची मुलगी. नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली, इथं मावशीकडे राहते. तिचं पाहणं बाकीच्यांपेक्षा अलग आहे. बाकीचे खात्री करून लगेच परत जातात. तिला जग आहे की नाही याची खात्री व्हायला बराच वेळ लागते. मी याच्यावर एक टिपण लिहायला घेतलं होतं, 'वाचकाचा रेंगाळता प्रतिसाद' नावाचं. पंचफुलाबाई म्हणाली, "विजूभाऊ, तुमी वाक्य पाहाले येता का वाक्य वाचनारीले?" मी तिला समजावून सांगितलं की या दोन गोष्टी साहित्यात अलग करता येत नाहीत. तिनं कप विसळला आणि म्हणाली, येत्या रविवारी रघुनाथरावांकडे मोहगावचे पाहुणे मुलगी पाहायला येऊन राहिले, तोवर करून घ्या अलग. (हे तिला कसं कळलं ते विचारू नको. टपरीवर सगळंच कळते.) मला ते ऐकून काय झालं ते सांगता नाही येत. चहा दोनदा प्यायलो आणि दोन्हीदा साखर लागली नाही.

आणि याच आठवड्यात नागपूरहून दिलीप आला. दिलीप कंपनीचा इंजिनीयर, गळ्यात टाय, हातात चामड्याची बॅग, सारखा घड्याळ पाहणारा. कंपनीनं त्याला एक कोडं सोडवायला पाठवलं होतं. हीच मशीन, हीच फ्लॉपी त्यांनी बाकी जागीही दिली, आणि सगळीकडे रोज छपाई अडकते. फक्त पांढुर्ण्याहून तक्रार नाही. काहून? त्यानं सकाळी सगळा विधी पाहिला, जोडे, लाल कपडा, उत्तमची चाल, तावदान, आणि तो खुर्चीवर बसूनच गेला. निघालं असं की कंपनीचा ड्रायव्हरच मुळात अधीर आहे. तो यंत्राच्या तोंडात एकदम सारं कोंबतो, आणि त्यातच कोणी बटनं दाबली की यंत्र गोंधळते. दुसरीकडे लोक दाबत राहतात. इथं सगळे खिडकीत असतात. म्हणजे माझं वाक्य, जे मी फक्त कोरं पान सहन नाही झालं म्हणून लिहिलं, तेच वर्षभर मशीन चालवून राहिलं होतं. दिलीपनं माझ्याशी हात मिळवला. मी त्याच्या साऱ्या पुस्तकांत ते टाकायला परवानगी देणार होतो. तो म्हणाला, नाही नाही, उलटं. ते काढायचं आहे.

आता इथून पुढचं मला नीट समजलं नाही, पण जसं ऐकलं तसं सांगतो. मशीनीच्या आत कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असतो. तो आहे म्हणून मशीन आहे, नाही तर नुसता डबा. त्या कर्नलच्या आतच आता एक चांगला, शांत ड्रायव्हर बसवलेला येतो, सगळ्या यंत्रांना चालणारा, त्याला स्टँडर्ड म्हणतात. म्हणून पुस्तकात बदल करायचा: कंपनीची फ्लॉपी वापरू नये, कर्नलमधला स्टँडर्ड ड्रायव्हर वापरावा अशी शिफारस आहे, थांबण्याची गरज नाही. मी विचारलं, तो केव्हा बसवणार? दिलीप म्हणाला, बसवायचा काय, मागच्या उन्हाळ्यात मशीनीत नवा कर्नल टाकला त्यात तो आलाच आहे. मी म्हटलं, म्हणजे तो आत बसला होता आणि आम्ही रोज सकाळी बाहेरून दुसरा आणून त्याच्या डोक्यावर बसवून राहिलो होतो? हो म्हणे. मग तो काही बोलला काहून नाही? दिलीप म्हणाला, त्याला कोणी विचारलं नाही. ताई, मी त्या दुपारी जेवलो नाही. एवढं सगळं आधीपासून आत असताना माणसं बाहेरून आणतात तरी कशाला, हा विचार डोक्यातून जाईना. कशाबद्दल विचार करून राहिलो तेही मला नक्की सांगता येत नव्हतं.

संस्थेत मात्र दोन तट पडले. उत्तमचं म्हणणं की बांधलेल्या पोथीतलं कोणी काढते काय. हिशेबनीस म्हणे, आत असलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा, फ्लॉपी निदान हातात तरी धरता येते. भाऊरावांची शंका अलगच होती. ते म्हणाले, "शिफारस कायले लागते त्याले? माल खरा असन तर शिफारशीबिगर चालन ना." दिलीपनं त्यांना समजावलं, मग मी दिलीपला समजावलं, मग भाऊरावांनी आम्हा दोघांना समजावलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्धे नदीच्या या काठावर आणि अर्धे त्या काठावर, जसे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत असतात. गोटे तेवढे उचलायचे राहिले होते. छाया माझ्याकडे पाहून म्हणाली की लिहिणार तर तुम्हीच ना, मग तुम्हाला काय वाटते?

मला काय वाटते! हा प्रश्न मला आजवर संपादकांनी सुद्धा विचारला नव्हता. मी घरी येऊन बसलो. लेखक म्हणून मी त्या वाक्याच्या बाजूनं होतो. पण मशीन चालवायच्या पुस्तकात खोटं लिहिता येत नाही, कथेत येते. आता थांबायची गरज खरंच नव्हती. आणि गरज नसताना लोकांना खिडकीत उभं करायचं म्हणजे माझ्या वाक्यासाठी त्यांचा वेळ खाणं झालं. (आणि ते वाक्य गेलं की तावदान जाईल, तावदान गेलं की बाकीचं जाईल, हे मला दिसत नव्हतं असं समजू नको. दिसत होतं म्हणूनच मी ते कागदावर लिहून खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शाईची अर्धी बाटली गेली, पेट्यांवर डाग पडले, बाबा बोलले.) शेवटी मी छातीवर दगड ठेवून साधं लिहिलं: 'फ्लॉपी टाकू नये. कर्नलमधला स्टँडर्ड ड्रायव्हर वापरावा. थांबण्याची गरज नाही.' असं कोणालाही लिहिता आलं असतं. तेच वाईट वाटलं.

परवा, मंगळवारी, नवीन पान वाचलं गेलं. मी त्या दिवशी टपरीवर नव्हतो, खोलीत हजर होतो, जोडे काढून. उत्तमनं ते पान असं वाचलं जसं कोणाच्या तेराव्याला बसला आहे. 'थांबण्याची गरज नाही' इथं तो स्वतःच थांबला. छायानं हुकूम दिला आणि यंत्र लगेच सुरू झालं, खरखर खरखर, एक पट्टी नाही अडकली. दिलीपनं टाळी वाजवली. बाकी सगळे तसेच उभे, माना अर्ध्या खिडकीकडे वळलेल्या, भाऊरावांचा एक पाय उचललेला. पुस्तकात पाहायचं लिहिलं नव्हतं, म्हणून कोणी पाहिलं नाही. मला तर वाटलं की आता खरंच बाहेर जग नसेल.

तेव्हा छाया खुर्चीवरून वळली आणि मला, सगळ्यांसमोर, म्हणाली, "मग आता मी बाहेर कोणत्या कारणानं पाहू?"

दिलीप म्हणाला, पाहायची गरजच नाही मॅडम. आणि मी, ताई, मीही म्हटलं, हो, स्टँडर्ड ड्रायव्हरला गरज नसते. हे बरोबरच होतं ना? मी पुस्तक लिहिणारा, तिनं विचारलं, मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पट्ट्या फाडायला लागली, त्यातल्या दोन आडव्या फाटल्या. उत्तम माझ्या कानात म्हणाला, "भौ, तुमी शिकले कायले?" दुपारी भाऊरावांनी तावदानाला काळा कागद परत लावायला सांगितला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलून नाही राहिली. पंचफुलाबाई बोलते, पण ती जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता तू मला सांग, तिच्या वाक्याचा अर्थ काय? मी ते कागदावर मोठं लिहून भिंतीला चिकटवलं आहे. एका बाजूनं पाहिलं तर ती पुस्तकाबद्दल विचारून राहिली, म्हणजे नवीन पान तिला अपुरं वाटलं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर 'कारणानं' या शब्दावर तिनं जोर दिला होता. तिसऱ्या बाजूला बाबांच्या पेट्या आहेत. मी स्वतः असं लिहितो की कोणाला समजू नये, पण कोणी मला असं साधं बोललं की माझं डोकं अडकते आणि सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जातात.

भाऊजींना नमस्कार, पिंकीला पापा. आई म्हणते संक्रांतीला ये.

तुझा भाऊ,
विजू

ता. क. : मोहगावचे पाहुणे रविवारी येऊन राहिले हे वर लिहिलंच आहे. भाऊजी शनिवारी सकाळी रघुनाथरावांसोबत फिरायला जातीलच. तेव्हा सहज, म्हणजे खोकल्याबिकल्याचं बोलणं झाल्यावर, पांढुर्ण्यात एक मुलगा आहे, एम. ए. आहे, निर्व्यसनी आहे, त्याचं एक पुस्तक वर्षभर रोज मोठ्यानं वाचलं गेलं, एवढंच जर त्यांच्या कानावर घातलं तर? माझं नाव शेवटी सांगावं. हे पत्र मी याच्यासाठी लिहिलं असं नाही.

ता. क. २ : किंवा राहू दे. घालू नका. ती हो म्हणाली तर मी काय करावं ते मला मालूम नाही, आणि नाही म्हणाली तर ते मला पक्कं मालूम आहे, म्हणून जास्तच भीती वाटते. पण शनिवारच्या आत ठरवा.

ता. क. ३ : पोस्टानं टाकलं तर शनिवारपर्यंत पोचणार नाही. उत्तम म्हणाला, द्या इकडे, सौंसरच्या बसमध्ये भरवशाच्या माणसाजवळ देतो. डिंक सुकला आहे, पाकीट नुसतं दुमडलं आहे.

ता. क. ४ : रजनीताईंना नमस्कार. हे मी लिहून राहिली, छाया. उत्तमभाऊंनी पाकीट माझ्याजवळ दिलं, कारण बाबांनी बोलावलं म्हणून मी सौंसरलाच येऊन राहिली. ते उघडंच होतं. मी वाचलं नाही. फक्त फ्लॉपी लेबल खाली करून टाकतात असं जे लिहिलं आहे ते चूक आहे, लेबल वर पाहिजे, तेवढं त्यांना कळवाल. मोहगावचे पाहुणे बाबांनी नाही, मावशीनं ठरवले. तरी भाऊजींनी बाबांना शनिवारीच सांगावं की बाहेरून आणायची गरज नाही, आधीपासून आत जो आहे तोच वापरावा, अशी माझी शिफारस आहे. हे भाऊजींनी तोंडानंच सांगावं. यांच्याकडून लिहून घेऊ नये, हे त्यात खिडकी टाकतील.